ईमेलचा दुवा का उघडत नाही?

बेंगळूर शहराच्या वायव्य अंगास यशवंतपूर वसले आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन, बाजार समितीचे विस्तीर्ण आवार, थोड्या अंतरावर पीण्याची औद्योगिक वसाहत, आणि जवळच १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था, असा या भागाचा परिसर आहे. महाराष्ट्राकडे जाणाऱ्या काही गाड्या येथून सुटतात. महाराष्ट्रातील कांदा बेंगळूरच्या बाजारात येतो. नोकरी-धंद्यानिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे गावाकडील घराशी, शेतीशी आणि शाळा-कचेऱ्यांशी असलेले संबंधही तुटलेले नसतात. ज्या वस्तीचे व्यवहार दूरदूरच्या ठिकाणांशी जडलेले असतात, तिला पत्रव्यवहारावाचून गत्यंतर नसते. आज या पत्रव्यवहाराचा मोठा भाग ईमेलने होतो. मालाची चौकशी, यंत्राच्या सुट्या भागांची मागणी, गावच्या शाळेच्या दाखल्यासाठी विनंती, नोकरीचा अर्ज, या सर्वांसाठी माणूस संबंधित संस्थेचे संकेतस्थळ उघडतो आणि तेथे दिलेल्या 'आम्हांस ईमेल करा' या शब्दांवर क्लिक करतो.

येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. क्लिक केल्यावर पुष्कळदा काहीच घडत नाही. कधी एक कोरी चौकट क्षणभर दिसून नाहीशी होते, तर कधी ज्याचे नावही ऐकलेले नाही असा एखादा प्रोग्रॅम उघडतो आणि खाते तयार करा म्हणून सांगू लागतो. अशा वेळी मनुष्य निरनिराळे तर्क करतो. कोणास वाटते, इंटरनेट बंद पडले. कोणास वाटते, दिलेला पत्ता चुकीचा आहे. कोणी समजतो, त्या कचेरीस पत्रे नकोच आहेत. वयाने मोठी असलेली माणसे तर बहुधा दोष स्वतःकडे घेतात आणि 'हे आपले काम नव्हे' म्हणून संगणकापासून उठून जातात. अर्जाची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. वस्तुतः हे तर्क बहुतेक वेळा चुकीचेच असतात. इंटरनेट चालू असते, पत्ता बरोबर असतो, कचेरीही उघडी असते. न झालेली असते ती एक साधी नेमणूक. ती कोणती, हे समजण्यासाठी दुवा, म्हणजे ज्यास व्यवहारात लिंक म्हणतात, ती काय काम करते हे प्रथम पाहिले पाहिजे.

संकेतस्थळावरील बहुतेक दुवे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे असतात. त्यांचे काम ब्राउझर स्वतःच करतो. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही ब्राउझरांची परिचित नावे आहेत. पानाचा दुवा दाबला की ब्राउझर दूरच्या संगणकाकडे मागणी करतो आणि आलेले पान पडद्यावर मांडतो. ईमेलचा दुवा जातीनेच निराळा आहे. त्याच्या पोटात पत्त्यापूर्वी एम, ए, आय, एल, टी, ओ ही सहा इंग्रजी अक्षरे आणि त्यांपुढे अपूर्णविरामाची दोन टिंबे असतात. या सहा अक्षरांचा उच्चार 'मेलटू', म्हणजे 'यांस पत्र पाठवा'. हा शब्द दिसताच ब्राउझर ओळखतो की हे काम आपले नव्हे. मग तो संगणकाच्या कार्यप्रणालीकडे, म्हणजे विंडोजसारख्या मूळ व्यवस्थेकडे वळतो आणि विचारतो : 'पत्र लिहिण्याचे काम येथे कोणाकडे सोपविले आहे?' कार्यप्रणाली आपल्या नोंदवहीत पाहते आणि ज्या प्रोग्रॅमचे नाव तेथे असेल त्यास जागे करते. तो प्रोग्रॅम कोरे पत्र पुढे ठेवतो व त्यावर पत्ता आयता लिहून देतो. नोंदवहीत नावच नसेल, किंवा असलेले नाव केव्हाच काम सोडून गेलेल्याचे असेल, तर हाक निष्फळ जाते. यावरून ध्यानात येईल की हा दुवा स्वतः पत्र नेत नाही, आणतही नाही. तो केवळ घरातल्या लेखनिकास हाक मारतो. लेखनिकच नेमलेला नसेल तर हाकेला ओ कोण देणार?

हा संकेत आजचा नाही. डिसेंबर १९९४ मध्ये इंटरनेटवरील पत्ते कसे लिहावेत याचे जे नियमपत्र टिम बर्नर्स-ली, लॅरी मॅसिंटर आणि मार्क मकेहिल यांच्या नावे प्रसिद्ध झाले, त्यात मेलटूचा समावेश होता. इतर दुवे कोणत्या ना कोणत्या वस्तूकडे बोट दाखवितात. हा तसे करीत नाही, असा खुलासाही त्यात केलेला आहे. १९९८ साली या दुव्यासाठी स्वतंत्र नियम झाले आणि पत्त्याबरोबर पत्राचा विषय व मजकूरही दुव्यात भरून ठेवता येतो हे नीट सांगितले गेले. २०१० च्या सुधारित नियमांनी इंग्रजीखेरीज अन्य लिप्यांची सोय व्यवस्थित लावली. दुव्यातून मराठीत विषय भरून आलेले पत्र उघडू शकते, ते त्यामुळेच.

या नियमांमागे एक गृहीत दडलेले होते, आणि आजच्या अडचणीचे मूळ त्यातच आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठविला आणि व्यक्तीचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये 'ॲट'ची खूण योजिली, तेव्हापासून पत्रे लिहिण्याचा प्रोग्रॅम मनुष्य वापरत असलेल्या यंत्रातच राहत असे. भारतातही आरंभ असाच झाला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधन क्षेत्राचे जाळे हाती घेतले. त्यात मुंबईची एन. सी. एस. टी. ही संस्था, पाच आय. आय. टी. आणि यशवंतपूरच्या शेजारची भारतीय विज्ञान संस्था सहभागी होत्या. त्या काळी ज्याच्यापाशी ईमेल, त्याच्या यंत्रात ईमेलचा प्रोग्रॅम, हे उघड सत्य होते. म्हणून १९९४ च्या नियमकर्त्यांना लेखनिक घरात असेलच असे वाटले, यात त्यांची चूक नव्हती.

पुढे मात्र काळ पालटला. ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल ही सेवा सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, सबीर भाटिया, यांचे बालपण बेंगळुरातच गेले. हॉटमेलचे वैशिष्ट्य असे की तिच्यासाठी यंत्रात निराळा प्रोग्रॅम लागत नव्हता. कोणत्याही संगणकावर ब्राउझर उघडावा, नाव व परवलीचा शब्द द्यावा आणि आपली पत्रे वाचावी. १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने हीच वाट राजमार्ग केली. पत्रपेटी यंत्रातून निघून संकेतस्थळावर गेली. परंतु मेलटूचा दुवा अद्याप लेखनिकास यंत्रातच शोधत असतो. जो मनुष्य रोज ब्राउझरमध्ये जीमेल उघडून वीस पत्रे लिहितो, त्याच्याही संगणकाच्या दृष्टीने त्या घरात पत्र लिहिणारा कोणीच नसतो. वापरणाऱ्यास हे खरे वाटत नाही, आणि म्हणून तो गोंधळतो.

आता उपाय पाहू. दुव्याच्या प्रवासात तीन मुक्काम आहेत : पान, ब्राउझर आणि कार्यप्रणाली. बिघाड कोठे आहे हे ठरविल्याशिवाय औषध देऊ नये. विंडोजच्या संगणकावर त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. विंडोजची खूण असलेली कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबली की 'रन' नावाची लहान चौकट उघडते. तीत इंग्रजीत मेलटूची सहा अक्षरे आणि पुढे अपूर्णविराम लिहून एंटर दाबावे. कोरे पत्र उघडले तर कार्यप्रणालीची नोंद शाबूत आहे. दोष ब्राउझरचा किंवा पानाचा. काहीच उघडले नाही, किंवा परका प्रोग्रॅम उघडला, तर दोष नोंदवहीतच आहे. यानंतर तोच दुवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या संस्थेचा दुवा दाबून पाहावा. एवढ्या तीन पडताळ्यांत रोगाचे ठिकाण बहुधा हाती लागते.

दोष नोंदवहीत असेल तर नेमणूक करावी. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'ॲप्स', त्यात 'डीफॉल्ट ॲप्स' असे जावे. तेथील शोधाच्या रकान्यात मेलटू हा शब्द इंग्रजीत लिहिला की सध्या कोणाची नेमणूक आहे हे दिसते व ती बदलता येते. विंडोज १० मध्ये त्याच ठिकाणी 'ईमेल' असा स्वतंत्र रकानाच आहे. या व्यवस्थेचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. विंडोजबरोबर येणारा 'मेल' नावाचा जुना प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद केला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आणले. ज्यांच्या नोंदवहीत अजून त्या जुन्या मेलचेच नाव आहे, त्यांचा दुवा सेवानिवृत्त लेखनिकास हाका मारीत राहतो. केवळ नेमणूक करूनही भागत नाही. नेमलेल्या आउटलुक अथवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये आपले खाते एकदा नोंदविले पाहिजे. नाहीतर प्रत्येक क्लिकसरशी तो खात्याचीच चौकशी करीत राहतो. ॲपलच्या मॅक संगणकावर ही निवड मेल प्रोग्रॅमच्याच सेटिंग्जमध्ये, 'जनरल' या विभागात आहे. तेव्हा ज्यास मेल वापरावयाचा नाही त्यासही निवड बदलण्यापुरता तो उघडावा लागतो. आयफोनवर २०२० पर्यंत ॲपलच्या स्वतःच्या मेलवाचून दुसऱ्या कोणाची नेमणूक करताच येत नव्हती. त्या वर्षीच्या आयओएस १४ पासून ती मोकळीक मिळाली.

ज्यांची पत्रपेटी संकेतस्थळावर आहे, त्यांनी ब्राउझरलाच सांगून ठेवावे. क्रोममध्ये जीमेल उघडले असता पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकास एकावर एक ठेवलेल्या दोन चौकोनांची खूण दिसते. ती दाबून अनुमती दिली की पुढे ईमेलचे दुवे जीमेलमध्येच उघडतात. पूर्वी केव्हातरी घाईने नकार दिलेला असेल तर ब्राउझर तो विसरत नाही, आणि खूणही पुन्हा दिसत नाही. अशा वेळी 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'ॲडिशनल परमिशन्स' आणि त्याखाली 'प्रोटोकॉल हँडलर्स' येथे जाऊन तो नकार पुसून टाकावा. फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज', 'जनरल' आणि 'ॲप्लिकेशन्स' या क्रमाने गेले की मेलटूची ओळ सापडते. तिच्यासमोर जीमेल निवडावे.

परंतु दुवा नेहमी संकेतस्थळावरच असतो असे नाही. एखाद्या पीडीएफ दरपत्रकात किंवा वर्डच्या कागदातही तो असतो. तो दाबला असता ब्राउझरशी संबंध येत नाही. प्रश्न थेट कार्यप्रणालीकडे जातो. म्हणून जीमेल वापरणाऱ्याने दोन नेमणुका कराव्या लागतात : कार्यप्रणालीत मेलटूसमोर ब्राउझरचे नाव, आणि ब्राउझरमध्ये जीमेलचे. पहिली झाली व दुसरी राहिली, तर ब्राउझर नुसते रिकामे पान उघडून स्वस्थ बसतो. संकेतस्थळावरचा दुवा उघडतो पण दरपत्रकातला उघडत नाही, या तक्रारीचे उत्तर बहुधा या दुहेरी साखळीतच असते.

तिसरा संभव, पानच सदोष असण्याचा. पान लिहिणाऱ्याने मेलटूनंतर इतर दुव्यांच्या सवयीने दोन तिरक्या रेघा घातल्या, सहा अक्षरांतले एखादे गाळले, किंवा विषयाच्या शब्दांमध्ये उघडी जागा सोडली, तर दुवा लंगडा होतो. उघड्या जागेसाठी शेकड्याची खूण आणि वीस हा आकडा लिहावा असा नियम आहे. एकाच संस्थेचा दुवा अडत असेल आणि इतरांचे चालत असतील, तर आपल्या संगणकाची उलथापालथ करू नये. दोष तिकडचा आहे.

सर्व उपाय करण्यास वेळ नसेल, किंवा यंत्र आपले नसेल, तर एक मार्ग सदैव खुला असतो. दुव्यावर माउसची उजवी कळ दाबावी, 'कॉपी ईमेल ॲड्रेस' निवडावे आणि आपल्या पत्रपेटीत नवे पत्र उघडून 'टू'च्या रकान्यात तो पत्ता चिकटवावा. फोनवर दुव्यावर बोट दाबून धरले की हाच पर्याय येतो. सार्वजनिक संगणकावर तर हाच मार्ग उत्तम. तेथे आधीच्या मनुष्याने आपले खाते बंद न करता जागा सोडली असेल, तर दुवा त्याच्याच पत्रपेटीत उघडतो आणि आपला अर्ज परक्याच्या नावाने जातो. उत्तरही त्यालाच मिळते. घरच्या संगणकावरदेखील वडील, मुलगा आणि दुकान यांची खाती एकत्र नांदत असतात. म्हणून पत्र धाडण्यापूर्वी 'फ्रॉम' या शब्दापुढे कोणाचे नाव आहे ते पाहण्याची सवय ठेवावी. 'ईमेलचे दुवे दुरुस्त करतो' असे सांगणारा अनोळखी प्रोग्रॅम मात्र कधीही उतरवून घेऊ नये. वर सांगितलेली सर्व साधने संगणकात मुळातच आहेत, आणि आपली पत्रे ज्याच्या हाती द्यावयाची त्या लेखनिकाची पारख करणे हे शहाणपणाचेच आहे.

पत्ता हाताने टिपून घेण्याऐवजी नकलून घ्यावा, असा आग्रह का, याचे उत्तर यशवंतपूरच्या नावातच मिळते. हे नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते. शहराच्या व्यवहारात 'श' आणि 'त' या दोन्ही ठिकाणी एच हे अक्षर येते व 'व'साठी डब्ल्यू येतो; रेल्वेच्या लेखनात दोन्ही एच नाहीत आणि 'व'साठी व्ही आहे. तरीही टपालाचे पाकीट कोणत्याही लेखनाने पोहोचते. कारण वाचणारा माणूस असतो, आणि पाकिटावर ५६००२२ हा पिनकोडही असतो. गावांची नावे सारखी असणे, भाषा निराळ्या असणे आणि लेखन चुकणे या तिन्हींवर उपाय म्हणून हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाले. ते योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. ईमेलच्या पत्त्याजवळ मात्र असा सांभाळून घेणारा पिनकोड नाही. तेथे एक अक्षर कमी झाले की पत्र परत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या निराळ्या लेखनाच्या दुसऱ्याच कोणा धन्याकडे जाते. दुव्याचा खरा उपयोग हा की त्यात पत्ता लिहिण्याची चूक संभवत नाही. म्हणूनच तो न उघडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. ज्याला इंग्रजी अक्षरांचा सराव बेताचा आहे त्याच्या हातून बिनचूकपणाचे साधनच जाते. सरकारी संकेतस्थळांवर पुष्कळदा 'ॲट'ची खूण व टिंब यांऐवजी ते शब्द कंसात लिहिलेले असतात. जाहिरातबाजांच्या यंत्रांनी पत्ते वेचून नेऊ नयेत, हा त्यातला हेतू. असा पत्ता नकलल्यावर कंस व शब्द काढून तेथे मूळ खुणा घालण्यास विसरू नये.

शेवटचा मुद्दा पत्ते प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी आहे. 'येथे क्लिक करा' एवढेच लिहून पत्ता दुव्याच्या पोटात दडवून ठेवणे म्हणजे दारावर घंटा लावून घराचा क्रमांक पुसण्यासारखे आहे. घंटा वाजली नाही तर पाहुण्याने काय करावे? म्हणून दुवा अवश्य द्यावा, पण संपूर्ण पत्ताही त्याच ठिकाणी उघड अक्षरांत लिहावा. सोबत दूरध्वनीचा क्रमांक व टपालाचा पत्ता द्यावा. १९९४ चे गृहीत आज सर्वत्र खरे राहिलेले नाही हे ज्या संस्थेने ओळखले, तिच्या दाराशी आलेला मनुष्य विन्मुख परत जात नाही. दुवा दाबणाऱ्यानेही एवढे मनाशी धरावे की न उघडणारा दुवा हा नकार नव्हे, आणि आपल्या अज्ञानाचा दाखला तर नव्हेच. एक नेमणूक राहून गेली आहे. ती पाच मिनिटांत करता येते. आणि ती होईपर्यंत पत्ता नकलून घेऊन पत्र त्याच दिवशी धाडता येते.